वर कोण ऱ्हातं?

भात कापणीला आलं की आमच्याकडची माणसं खाली बघून चालतात. खाचरातल्या ओलीवर पाय घसरतो, कापलेल्या धाटांचे खुंट तळव्यात घुसतात, बांधाच्या गवतात काय बसलं असेल ते सांगता येत नाही. मी मात्र वेगळ्या कारणाने खाली बघतो. मान वर केली की उरवड्याच्या बाजूला कारखान्याचं धुराडं दिसतं, आणि त्याच्या टोकातून निघून डोंगराकडे गेलेली राखाडी वाट दिसते. ती वाट मी आखून दिलेली आहे.

यंदाही कापणीला हवा छान पडली आहे. पहाटेचं धुकं खाचरांवर बसतं ते उन्हं चढेपर्यंत हलत नाही. ते उठलं की खालून पिवळं शेत आणि त्यात वाकलेल्या पाठी दिसायला लागतात. विळ्यांची करकर ऐकू येते. भारे खळ्यावर येतात, उडव्या रचल्या जातात आणि नव्या इंद्रायणीचा वास अख्ख्या गावाला लागतो. सूसच्या सोसायट्यांतली माणसं गाड्या घेऊन तांदूळ न्यायला येतात. परवा एक बाई गाडीतून उतरल्या, दोन्ही हात पसरून त्यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "काका, काय हवा आहे हो तुमच्याकडे!"

मी म्हटलं, "हाय ना. आमची घाण वरच्या वाडीत जातीया."

त्यांना ती गंमत वाटली. त्या हसल्या. मी तांदळाचं पोतं गाडीत जरा जोरातच टाकलं.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. बापाने मागे ठेवलं ते फक्त आडनाव. दुसऱ्यांच्या शेळ्या बाजारात नेऊन विकण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या दावणीला शंभरावर जनावर उभं असतं. ह्यात कोणाचा हात नाही. आमच्या धंद्यात सौदा तोंडाने करत नाहीत. दोघे व्यापारी समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मला समोरच्याच्या बोटावरून कळतं, हा अजून किती सरकणार आहे. बोट घामेजलं की सरकणार. मध्येच मी रागावून उठतो. पूर्वी तो राग खोटा असायचा. आता खरा कुठला आणि खोटा कुठला, ते माझं मलाही समजत नाही.

त्या सालची कापणी मला वासाने आठवते, आणि तो वास भाताचा नव्हता.

कारखान्यात बॉयलर आधीपासून होता. पण त्या पावसाळ्यानंतर त्यात काय जाळायला लागले, देव जाणे. कोणी म्हणे हलका कोळसा, कोणी म्हणे काळं तेल. आम्ही नुसते रंग बघायचो. सकाळी पिवळट, दुपारी काळा. धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून खाचरांवर बसायचे ते उठायचेच नाहीत. खळ्यावर भात उफणायला घेतलं की सुपातून काळी भुकटी उडायची. दुधावर साय धरायची ती राखाडी. बायका लुगडी उलटी करून वाळत घालायच्या. माझ्या शेळ्या पेंढा हुंगून तोंड फिरवायला लागल्या. शेळी काहीही खाते असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. मळलेल्या चाऱ्याला शेळी तोंड लावत नाही. मेंढरं मात्र खात होती, आणि त्यांची नाकं काळी झाली होती. बाजारात एका गिऱ्हाइकाने माझ्या मेंढराचं नाक बोटाने पुसलं, ते बोट मला दाखवलं आणि पुढच्या व्यापाऱ्याकडे गेला.

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी पेटलो. गावासाठी नव्हे, त्या बोटासाठी.

आक्का त्याच्या कितीतरी आधी पेटली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. डोंगराच्या खांद्यावर दहा-बारा घरांची वरची वाडी आहे, तिथे तिला दिली. दाजी गेले तेव्हा लेक लहान होता. मेंढरं, दोन खाचरं आणि तो लेक, सगळं तिने एकटीने निभावलं. त्या साली वरच्या वाडीत धूर नव्हता. धूर खाली आमच्यात तुंबायचा आणि वाडी त्याच्या वर, स्वच्छ उन्हात असायची. तिला खाली उतरून भांडायचं काही कारणच नव्हतं. तरी ती उतरली. "माजं म्हायेर काळं पडाय लागलंय," एवढंच म्हणाली.

तिने दाजींचं जुनं धोतर ट्रंकेतून काढलं आणि हातभर लांबीचे तुकडे फाडले. रोज सकाळी एक तुकडा ओला करून कारखान्याच्या तारेच्या कुंपणावर, अगदी गेटाशेजारी वाळत घालायचा. संध्याकाळी काढायचा, घडी करायची, जपून ठेवायचा. पहिले चार दिवस गावाने तिची चेष्टा केली. पाचव्या दिवशी दोन बायका आपापले तुकडे घेऊन आल्या. पंधरा दिवसांत कुंपण पांढरं व्हायला लागलं. म्हणजे सकाळी पांढरं. संध्याकाळी त्याचा रंग चुलीपुढच्या फडक्यासारखा व्हायचा.

गेटावरचा वॉचमन बिहारकडचा होता. तो हात जोडून म्हणायचा, "माताजी, यहाँ कपड़ा मत सुखाइए, साहब चिल्लाता है."

आक्का म्हणायची, "साहेबाला म्हणावं, तुज्या दारात वाळत घालती. तितं तरी पांढरं ऱ्हातंय का बघू."

त्याला मराठी कळत नव्हतं, पण भाव कळत असणार. पुढच्या सोमवारी त्याने स्वतःचा बनियन त्याच रांगेत टांगला. बायका हसून हसून रस्त्यावर बसल्या. "आला गं, जावई आला मोर्चात!" कोणीतरी ओरडलं. तो लाजून केबिनमध्ये जाऊन बसला. पण बनियन काढला नाही.

आक्काची मागणी धूर कमी करा अशी नव्हती. बॉयलरची चूलच बंद करा, अशी होती. वरच्या वाडीत एका योजनेतून उन्हावर चालणारा पंप बसला होता. खालच्या झऱ्याचं पाणी डोंगर चढून टाकीत पडायचं, ना डिझेल, ना आवाज. तिला त्या पंपाचा भारी अभिमान. म्हणायची, "उन्हानं पाणी डोंगर चढतंय, मग ह्यांचं काम का व्हत न्हाई? एवढं मोठं पत्र्याचं छप्पर हाय, नुसतं तापत पडलंय."

मी म्हणालो, "आक्के, उन्हावर पापड वाळत्यात. कारखाने चालत न्हाईत."

"तू कवा चालिवला रं कारखाना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. पण ते मनात राहिलं. मला हसणारा माणूस मी सहसा विसरत नाही, मग ती बहीण का असेना.

कापणी निम्मी झाली तेव्हा गावाची बैठक बसली. कारखान्याचे साहेब बोलायला तयार झाले होते, तर बोलायला पाठवायचं कोणाला? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भाव करण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नाही, असं म्हणाले. मी नको नको म्हटलं. ते खोटं होतं. आक्का मागे बायकांत बसली होती, ती उठून म्हणाली, "सोपाना, तू जाऊ नगं. तुला कुटंबी मधलं दिसतं. ह्यात मधलं न्हाई."

भर बैठकीत थोरल्या बहिणीने असं म्हणावं? मला राग आला, आणि तो राग खरा होता. मी म्हणालो, "मग तूच जा. धोतार फाडून साहेबालाबी नेसव." ती खाली बसली. दाजींच्या धोतराबद्दल मी बोललो, हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

मॅनेजर मूळचा लातूरकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "शेठ, बॉयलर बंद म्हणजे काम बंद. तुमच्याच गावची माणसं आत आहेत." मी बॉयलर बंदच करा म्हणून अडून बसलो. मला काही ते मिळणार नव्हतं, हे मी धरूनच चाललो होतो. जे मिळणार नाही ते आधी मागायचं आणि हवं ते शेवटी घ्यायचं, एवढीच माझी विद्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फार तर धुराड्याची उंची वाढवून घेऊ. दहा फूट. धूर वरच्या वर निघून जाईल."

दहा फूट! माझे कान टवकारले. इतका वेळ धूर, श्वास, हवा असल्या हातात न येणाऱ्या गोष्टींवर बोलणं चाललं होतं. आता ज्याला धरून ओढता येईल असा आकडा समोर आला. मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि टेबलावरच्या त्याच्या हातावर टाकला. तो दचकला. मी त्याला आमची रीत समजावून सांगितली. त्यालाही मजा वाटली. मग रुमालाखाली आमचा बाजार सुरू झाला. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. त्याचं बोट दोनदा घामेजलं. दहाचे पस्तीस फूट करून मी बाहेर पडलो. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता, असं मला वाटलं.

गावात कोणीतरी मला गुलाल लावला. मी तसाच खळ्यावर गेलो. आक्का आमचं भात उफणत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"काय ठरलं?"

"धुराडं पस्तीस फूट वर जाणार. आता गावात धूर उतरायचा न्हाई."

"मग कुटं जाणार?"

"कुटं म्हंजे? वर."

"वर कोण ऱ्हातं?"

 मी आभाळ म्हणणार होतो.

पुढच्या कापणीला गावावरचं आभाळ धुतल्यासारखं झालं. साय पांढरी धरली. शेळ्या पेंढा खायला लागल्या. आणि डोंगराच्या खांद्यावर, जिथे पूर्वी सकाळचं पहिलं ऊन पडायचं, तिथे एक राखाडी पट्टा येऊन टेकायला लागला. थंडीच्या दिवसांत तो तिथेच पसरून राहायचा. वाडीतल्या घरांची कौलं काळी झाली. पंपाच्या सोलरच्या तबकड्यांवर काजळी बसायला लागली. आक्का रोज फडकं घेऊन त्या पुसायची, तरी पाणी दुपारी चढायचं ते संध्याकाळपर्यंत रेंगाळायला लागलं. दुसऱ्या वर्षी तिला खोकला लागला. तिसऱ्या वर्षी पिरंगुटच्या डॉक्टरने सांगितलं, छाती धुराने धरली आहे, जागा बदला. आक्काने औषध घेतलं आणि जागा तीच ठेवली.

आता माझं गाऱ्हाणं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही कापणी मला सांगता येत नाही.

मराठीत तोडगा म्हणून एक शब्द आहे आणि तोडपाणी म्हणून दुसरा. तोडगा काढणारा माणूस शहाणा असतो. तोडपाणी करणारा आतून खाऊन आलेला असतो. मी तोडगा काढून कारखान्याच्या गेटातून बाहेर पडलो, आणि दोन वर्षांत गावातल्या गावात त्याची तोडपाणी झाली. सोपानशेठने खाल्लं. त्याच्या शेळ्यांच्या शेडचं नवं छप्पर कुठून आलं? मी त्या ऑफिसात दोन कप चहाशिवाय काही घेतलं नाही. आणि हे म्हणणारे कोण? ज्यांची लेकरं आता खोकत नाहीत ते. ज्यांचे पापड माझ्या पस्तीस फुटांखाली पांढरे वाळतात ते. सलूनमध्ये एकदा एकाची मी गचांडी धरली. त्याची अर्धी दाढी झालेली होती. "खा शपथ, काय खाल्लं मी?" म्हणालो. तो म्हणाला, "तुमच्या बहिणीला इचारा." मी हात सोडला.

तिला विचारणं एवढंच मला जमत नव्हतं. दर भाऊबीजेला ती ओवाळायची, करंजी पुढे करायची, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करायची. धुराड्याचं नाव नाही. गावात माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते तिच्या कानावर जात होतं. तिने एकदा, फक्त एकदा चार बायकांत म्हणायला हवं होतं, की माझ्या भावाने काही घेतलेलं नाही. तिच्या शब्दावर गाव गप्प झालं असतं. तिने तो शब्द दिला नाही. मी वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि वाट बघता बघता तिच्यावरच चिडत गेलो. दम तिचा जात होता आणि रुसून मी बसलो होतो.

ती मात्र लढत राहिली. खालच्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या. त्यांना यायचं कारण उरलं नव्हतं. सुरुवातीला कोणी लाजून सांगायची, "आक्का, कापणी हाय, पुढच्या टायमाला येती." मग सांगायच्याही थांबल्या. वाडीतल्या सात-आठ जणी तेवढ्या डोंगर उतरून गेटासमोर बसायच्या. मध्ये कारखान्याने छपरावर सोलरच्या तबकड्या बसवल्या. रस्त्यावरून दिसेल असा मोठा फलक लावला, हिरव्या अक्षरांचा. आक्का लेकाच्या गाडीवर बसून तो बघून आली. मला वाटलं, आता तरी खूश होईल. ती म्हणाली, "ते आफिसातल्या दिव्यांसाठी हाय. चूल तशीच पेटलीया." तिने पंप सांभाळला होता; कुठल्या तबकडीवर काय चालतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त समजत होतं.

शनिवार-रविवारी मुळशीच्या धरणाकडे गाड्यांची रांग लागते. काही तरुण मुलं वाडीच्या वाटेने डोंगर चढतात. एकदा मी आक्काकडे औषध द्यायला गेलो होतो, तेव्हा दारासमोर तिघं-चौघं त्या राखाडी पट्ट्याचे फोटो काढत उभी होती. एक मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही किती लकी आहात, रोज असं धुकं!" मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्काने माझा हात दाबला. तिने त्यांना पाणी दिलं. मुलं गेल्यावर म्हणाली, "लांबनं आल्यात. कशाला त्यांचं त्वांड कडू करायचं."

यंदा दसऱ्यानंतर भाचा वर आला. तो सूसला सोसायटीत राहतो, आयटीत आहे. त्याने आईला बरोबर न्यायचं ठरवलंय. मेंढरं विकायची, घर बंद करायचं, संक्रांतीच्या आत. ह्या वेळी आक्का नाही म्हणाली नाही. चार पावलं चालली की तिला उभं राहावं लागतं. फक्त म्हणाली, "जायच्या आदी एकदा गेटावर बसून येती."

मला कळलं तसा मी वर गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "आक्का, मी येऊ?"

तिने हातातला खडा बाजूला टाकला. "ये. पण बोलायचं न्हाई."

"काहीच न्हाई?"

"एक शबुद न्हाई."

आम्ही नऊ माणसं गेटासमोर बसलो, आठ बायका आणि मी. तोच मॅनेजर, आता केस पिकलेले. तो बाहेर आला आणि बायकांना ओलांडून सरळ माझ्याकडे आला. ओळखीचं हसला. "शेठ, बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच समजवा. वरून सांगून आलंय, थंडीचे दोन महिने कोळसा कमी करू. निम्मा. निम्म्यावर मिटवा ना."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या ओठावर घाम होता. निम्म्याच्या खाली तो नक्की येणार होता. एक झटका दिला असता तर चार महिने, वर आणखी काहीतरी मिळालं असतं. इतकं स्वच्छ मला कधी कोणाचं मन दिसलं नव्हतं.  मी मांडीवर हात दाबून धरले.

आक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, हिकडं बगा. चूल कवा बंद करताय ते सांगा. निम्मं आमाला नगं."

"आजी, असं एकदम..."

"मग आमी बसतो."

तो आत गेला. आम्ही बसलो. ऊन कलेपर्यंत बसलो. काहीच मिळालं नाही. दोन महिन्यांचा निम्मा कोळसाही हातचा गेला. माझ्या आयुष्यात मी बाजारातून असा रिकामा कधी उठलो नाही. बायकांनी भाकरीची फडकी सोडली, ठेचा वाटून घेतला, मलाही दिला. 

परतताना बाकीच्या पुढे गेल्या. आक्काला प्रत्येक वळणाला थांबावं लागत होतं. तिसऱ्या वळणावर ती दगडावर टेकली. खाली आमची खाचरं, उडव्या, पिवळं ऊन, सगळं स्वच्छ दिसत होतं. वर काही दिसत नव्हतं. मला आणखी धीर धरवला नाही. बोलायचं नाही ही अट गेटापुरती होती, असं मी मनाशी ठरवलं.

"आक्का, खरं सांग. तुलाबी वाटतं का, मी त्यांच्याकडनं काय घेतलं म्हणून?"

तिचा श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"न्हाई. मला पयल्या दिशीपास्नं ठावं हाय, तू काय घेतलं न्हाईस."

"मग गावात कदी बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? घेतलं असतंस तर बरं झालं असतं, सोपाना. गरजेपायी आमाला इकलं म्हनलं असतं. दारात येऊन तुज्याशी भांडली असती, ते परत दे म्हनली असती. तू तर आमालाच फुकाट देऊन टाकलंस. आन् लई खुशीत."

 थोड्या वेळाने ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे खडा चढ होता.